डॅशकॅम फ्यूज बॉक्सला स्वतः कसा जोडावा

मडगावच्या बाजारात माटोळीचे, म्हणजे चवथीला गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या मांडवाचे, सामान घ्यायला गाडी लावून आपण आत जातो, तासाभराने परत येतो आणि पुढच्या बंपरवर नवा ओरखडा दिसतो. काचेवर डॅशकॅम, म्हणजे समोरच्या रस्त्याचे चित्रण करणारा छोटा कॅमेरा, असूनही त्यात काही सापडत नाही, कारण लायटरच्या सॉकेटला लावलेला कॅमेरा बहुतेक गाड्यांत किल्ली काढताच बंद होतो. गाडी उभी असतानाही कॅमेरा चालू राहावा असे वाटत असेल, तर त्याला थेट फ्यूज बॉक्समधून वीज द्यावी लागते. हे काम सवडीने केले तर घरच्या अंगणात अर्ध्या दिवसात होते आणि त्यासाठी गाडीची एकही मूळ वायर कापावी लागत नाही. वायर सोलून जोड मारण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. अशा जोडात पुढे दमट हवा शिरते, आणि गाडी वॉरंटीत असेल तर वादालाही निमित्त मिळते.

सामान थोडेच लागते. कॅमेऱ्याला चालणारा हार्डवायर किट, दोन फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून तिथून जादा वायर काढून देणारे जोड), व्होल्ट मोजायला मल्टिमीटर, 10 नंबरचा पाना, ट्रिम, म्हणजे आतली प्लास्टिकची आवरणे, उचकटण्यासाठी प्लास्टिकची चपटी पट्टी, केबल टाय आणि वायरिंगची कापडी टेप एवढे पुरते. किट 12 व्होल्टचे 5 व्होल्ट करतो आणि बॅटरी ठरावीक पातळीखाली उतरली की कॅमेऱ्याची वीज तोडतो. फ्यूज टॅप घेताना मात्र अंदाजाने घेऊ नये. मिनी आणि लो-प्रोफाइल मिनी फ्यूज वरून सारखेच दिसतात, पण त्यांचे पाय वेगळे असतात. म्हणून गाडीतला एक फ्यूज चिमट्याने काढून दुकानात सोबत न्यावा. कॅमेरा अजून घ्यायचा असेल तर लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर, म्हणजे उष्णता जास्त सोसणारा वीज साठवणारा भाग, असलेला घ्यावा. मिरामारच्या किनाऱ्यावर भर दुपारी काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत काचेला चिकटलेला कॅमेरा किती तापतो, हे हात लावून पाहिले की कारण सांगावे लागत नाही.

बहुतेक किटमध्ये तीन वायरी असतात: पिवळी कायम वीज असलेल्या फ्यूजला, लाल किल्ली फिरवल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजला आणि काळी गाडीच्या पत्र्याला, म्हणजे अर्थला. रंग वेगळे असू शकतात, तेव्हा किटमधले पत्रक आधी वाचावे.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, फ्यूजची निवड. एअरबॅग, एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा), स्टिअरिंग, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आणि इंधन पंप यांच्या फ्यूजला कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये. लाल वायरीसाठी लायटर सॉकेट किंवा म्युझिक सिस्टिमचा फ्यूज चांगला, पिवळ्या वायरीसाठी आतल्या दिव्याचा किंवा पार्किंग इंडिकेटरचा. झाकणावरच्या नकाशावर पूर्ण विसंबू नये, प्रत्यक्ष मोजावे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी टोकणी उघड्या पत्र्याला आणि लाल टोकणी फ्यूजच्या माथ्यावरच्या उघड्या धातूला लावली, की किल्ली बंद असताना आणि चालू असताना तिथे किती व्होल्ट येतात ते कळते. आतल्या दिव्याच्या फ्यूजबाबत एक खोच आहे: काही गाड्या बॅटरी वाचवण्यासाठी लॉक केल्यावर थोड्या वेळाने ही वीज आपणच तोडतात. म्हणून दारे लॉक झाल्याचे गाडीला वाटेल असे करून अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे.

फ्यूज टॅपच्या खालच्या खाचेत गाडीचा मूळ फ्यूज आणि वरच्या खाचेत कॅमेऱ्याचा 2 किंवा 3 अँपियरचा फ्यूज बसतो. टॅप दोन्ही बाजूंनी बसत असला तरी बरोबर बाजू एकच. ती ओळखायची पद्धत सोपी आहे: टॅप बसवून खालचा मूळ फ्यूज काढून घ्यावा आणि टॅपच्या वायरीला 12 व्होल्ट येतात का ते पाहावे. येत असतील तर टॅप बरोबर बसला आहे. येत नसतील तर तो उलटा आहे, म्हणजे कॅमेऱ्याची वीज मूळ फ्यूजमधून जात आहे. टॅप काढून फिरवून लावावा. फ्यूज उडतो म्हणून त्याच्या जागी जास्त अँपियरचा फ्यूज कधीही घालू नये. तो उडतो म्हणूनच वायर पेटत नाही.

मोजणी संपली की 10 नंबरच्या पान्याने बॅटरीची ऋण टोकाची क्लँप सोडवावी आणि मगच जोडणीला लागावे. पहिल्यांदा काळी वायर. डॅशबोर्डखाली, दाराजवळच्या बाजूला, थेट बॉडीच्या पत्र्यात गेलेला बोल्ट शोधावा. प्लास्टिकमध्ये बसलेला स्क्रू उपयोगाचा नाही. गोव्यात याच जोडाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे लागते. माझ्या गाडीत पहिल्या पावसाळ्यात कॅमेरा मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. किट बदलला, मेमरी कार्ड बदलले, काही फरक पडला नाही. शेवटी अर्थचा बोल्ट सोडवला, तेव्हा लगच्या, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या, खालच्या बाजूला हिरवट पांढरी भुकटी धरलेली होती आणि वॉशरखाली रंगाचा थर तसाच राहिला होता. तेव्हापासून मी बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासतो, लग घट्ट आवळतो आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवतो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात आणि जून ते सप्टेंबरच्या ओलाव्यात एवढे केले की जोड टिकतो.

केबल कॅमेऱ्यापासून फ्यूज बॉक्सकडे न्यायची. कॅमेरा आरशामागे, वायपर फिरतो त्या पट्ट्यात लावावा, नाहीतर पावसात त्याला पाण्याच्या ओघळांखेरीज काही दिसत नाही. काचेवर गाडीचाच सेन्सर किंवा कॅमेरा असेल तर त्याच्यासमोर येऊ देऊ नये. तिथून केबल छताच्या अस्तराच्या कडेत बोटाने ढकलत ए-पिलरपर्यंत, म्हणजे पुढच्या काचेच्या कडेच्या खांबापर्यंत, आणावी. पिलरच्या ट्रिमवर एअरबॅग असे लिहिलेले असेल तर आत पडदा एअरबॅग (खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) आहे, आणि तो उघडण्याच्या वाटेत केबल आडवी येता कामा नये. ट्रिम काढायचा आत्मविश्वास असेल तर केबल एअरबॅगच्या मागून, मूळ वायरिंगला बांधून न्यावी. नसेल तर ती दाराच्या रबरी बीडिंगखाली दाबून न्यावी, आणि शंका असल्यास एवढा तुकडा जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावा. खाली आल्यावर पिवळी आणि लाल वायर आपापल्या टॅपला जोडावी आणि उरलेली केबल गुंडाळून केबल टायने डॅशबोर्डखाली पक्की बांधावी. पेडलजवळ लोंबणारी केबल ब्रेकच्या वेळी पायात अडकू शकते, म्हणून बांधून झाल्यावर तिन्ही पेडल पूर्ण दाबून पाहावीत.

बॅटरी पुन्हा जोडून किल्ली फिरवावी. कॅमेरा सुरू झाला पाहिजे आणि किल्ली काढल्यावर पार्किंग मोडमध्ये, म्हणजे उभ्या गाडीवर कमी विजेत नजर ठेवण्याच्या स्थितीत, गेला पाहिजे. तो किल्ली काढल्यावरही नेहमीसारखेच रेकॉर्डिंग करत राहिला, तर बहुधा लाल वायरही कायम वीज असलेल्या फ्यूजवर गेली आहे. तारीख आणि वेळही लगेच भारतीय वेळेप्रमाणे लावावी. चुकीच्या तारखेचे चित्रण पोलिसांपुढे किंवा विमा कंपनीपुढे मांडताना अडचण होते.

उरतो प्रश्न कटऑफचा, म्हणजे बॅटरी किती व्होल्टवर आली की किटने वीज तोडावी याचा. पूर्ण भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते आणि 12.2 च्या आसपास ती निम्मी रिकामी झालेली असते. किटवर 11.6 किंवा 11.8 चा पर्याय असला तरी तो घेऊ नये, 12.2 ठेवावा, बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर 12.4. पार्किंग मोडमध्ये कॅमेरा पाव अँपियर वीज घेतो असे धरले, तर दिवसाला 6 अँपिअर-तास जातात, आणि छोट्या गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची असते. म्हणजे तीन दिवसांत निम्मी बॅटरी संपते, आणि गाडीची स्वतःची गरज वेगळीच. म्हणून रात्रभर किंवा दिवसभराच्या पार्किंगला ही सोय उत्तम आहे, पण चवथीला गावच्या घरी गेल्यावर गाडी पाच दिवस माडाखाली उभी राहणार असेल तर पिवळ्या वायरीच्या टॅपमधला वरचा फ्यूज काढून ठेवावा. तो मीटरसमोरच्या काचेवर टेपने चिकटवला, की परतीच्या दिवशी गाडीत बसताच नजरेस पडतो आणि कॅमेरा बंद ठेवून घाट चढण्याची वेळ येत नाही.