गळ, दोरी आणि घरची वही: गरवणाऱ्यांनो, या चुका टाळा

गेल्या दिवाळीत घरखर्चाची वही पुढ्यात घेऊन बसलो, तेव्हा ‘मासे’ या रकान्यात दोन तऱ्हेच्या नोंदी निघाल्या. एक नोंद दारावर पाटी घेऊन येणाऱ्या मावशींची आणि दुसरी माझ्या गरवण्याची, म्हणजे गळाने मासे पकडण्याची, जी मी ‘आपण तर मासे फुकटच आणतो’ असे म्हणत त्याच रकान्यात ढकलत आलो होतो. बायकोने माझ्या नोंदी वेगळ्या काढल्या आणि बेरीज मांडली. रॉड व रील (दोरी गुंडाळायची चरखी) मिळून ४,००० रुपये, १४ फेऱ्यांचे आमिष, प्रवास आणि चहापाणी ३,५०० रुपये, आणि खडकांत तुटून राहिलेल्या गऱ्या (गळाचे आकडे), शिसे (दोरी बुडवणारे वजन) व दोरी यांचे १,९०० रुपये. एकूण ९,४०० रुपये खर्चून घरात ९ किलो मासे आले होते, त्यांतले २ किलो शिंगाळे, ज्यांना आमच्याकडे कोणी हात लावत नाही. उरलेल्या ७ किलोंचा भाव किलोला साडेतेराशेच्या घरात गेला, आणि मावशी तर मासे साफ करून, तुकड्या पाडून देतात.

गरवणे म्हणजे बचत, ही पहिली चूक. तो खर्च करमणुकीचा आहे, नाटक-सिनेमाच्या शेजारी त्याची जागा आहे, आणि एकदा तो तिथे लिहिला की घरात कुणाचीच तक्रार राहत नाही. रीलची खरी किंमत घरी निम्मी सांगणारे मित्र मला ठाऊक आहेत; पावती एक ना एक दिवस पँटच्या खिशात सापडतेच. मला मात्र वहीतला सर्वांत जास्त बोचलेला आकडा ४,००० चा नव्हता, १,९०० चा होता. सामान निदान घरात शिल्लक आहे. ते १,९०० रुपये समुद्राच्या तळाशी आहेत आणि त्यांतले बहुतेक माझ्या चुकांमुळे तिथे गेले आहेत.

भरतीची वेळ न पाहता केवळ रविवार आहे म्हणून घराबाहेर पडणे, ही चूक मी वर्षात किमान पाच वेळा केली. मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा ओसरते, आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. मोबाइलवर तक्ते मिळतात, पण कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांचा हिशेब भिंतीवरच्या कालनिर्णयावरही होतो: तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला, आणि अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, दुपारीही आणि मध्यरात्रीही. थोडा पुढे-मागे फरक पडतो, परंतु रविवारी पहाटे उठायचे की दुपारी जेवून निघायचे एवढे ठरवायला हे गणित पुरते. खडकांवरून गरवताना पाणी चढत असतानाचे शेवटचे दोन तास आणि ओहोटी लागल्यानंतरचा पहिला तास मला सर्वांत फळाला आला आहे. पाणी थांबले की मासाही थांबतो.

वेळेइतकेच महत्त्व उधाण (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) यांतल्या फरकाला आहे. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ इतकी असते की ६० ग्रॅमचे शिसे तळाशी टिकत नाही, घरंगळत जाऊन कपारीत अडकते, आणि पाणी गढूळ झाल्यामुळे कृत्रिम आमिष (लूअर) माशाला दिसतच नाही. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी त्या मानाने निवळ असते. लूअर वापरायचे असतील तर हे दिवस निवडावेत आणि उधाणाला वासाचे आमिष, म्हणजे कोळंबी किंवा बोंबील, लावावे. हे न कळल्यामुळे एका अमावस्येच्या रविवारी मी पाचशे रुपयांचे दोन लूअर एका सकाळीत गमावले. दोष मी दुकानदाराला दिला होता.

याच गणिताचा एक धोकादायक भाग आहे. अमावस्या-पौर्णिमेला भरती बाराला म्हणजे ओहोटी सकाळी सहाला, आणि सहा वाजता उघडे पडलेले खडक फार मोहात पाडतात. भरतीचे पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात ते हलल्यासारखेही वाटत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या तासात एकूण चढाच्या निम्मे पाणी येते. मुंबईत उधाणाचा चढ चार मीटरच्या वर जातो, त्यामुळे त्या दोन तासांत पाणी पुरुषभराहून अधिक उंच होते, आणि तेही बहुधा आपल्या पाठीमागच्या सखल भागात आधी भरते. म्हणून पुढच्या खडकावर जाताना परतीची वाट कोणत्या दगडावरून आहे ते पाहून ठेवावे आणि आठच्या आत मागे यावे. पावसाळ्यात खडकांवर आणि टेट्रापॉडवर (काठाला रचलेल्या चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर) जाऊच नये. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांनाही राज्यात मासेमारी बंद असते. आपण काठावरून एकटे काय सिद्ध करायला जातो?

आता दोरीकडे वळतो, कारण ते १,९०० रुपये मुख्यतः दोरीमुळे गेले.

दोरीच्या बाबतीत नवशिक्याला वाटते की जितकी जाड तितकी सुरक्षित. जाड तंगूस (नायलॉनची दोरी) लांब जात नाही, पाण्याच्या ओढीत फुगा धरते आणि शिसे उचलून खडकात नेते. मुंबईच्या काठावरून सर्वसाधारण गरवण्यासाठी ०.३५ ते ०.४० मिलिमीटरची नायलॉन दोरी पुरेशी होते. ब्रेडेड (बारीक धाग्यांची वेणी घातलेली) दोरी तेवढ्याच ताकदीला कितीतरी बारीक असते आणि लांब जाते, परंतु खडकाच्या धारेवर ती चटकन कापली जाते, म्हणून तिच्या टोकाला तीन-चार हात जाड नायलॉनचा लीडर हवाच. शिवाय ब्रेडेड दोरी थेट गुळगुळीत स्पूलवर, म्हणजे रीलच्या रिळावर, गुंडाळली तर सगळीच्या सगळी गोल फिरते, आणि आपल्याला वाटते की रीलचा ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरी सोडणारा ब्रेक) बिघडला. माझ्या शेजाऱ्याने याच कारणाने नवीकोरी रील दुरुस्तीला टाकली होती. खाली नायलॉनचे दहा-पंधरा वेढे घातले की हा आजार बरा होतो.

दोरीचा गुंता वारंवार होत असेल तर आधी स्पूल पाहावे. दोरी काठोकाठ भरलेली असेल तर फेकताना एकदम चार-पाच वेढे सुटतात. काठाच्या खाली दोन-तीन मिलिमीटर जागा सोडावी. दुसरे कारण सवयीचे आहे: फेक झाल्यावर हँडल फिरवून कडी (स्पूलवरची तारेची कमान) पाडणे. कडी हाताने पाडावी, दोरी एकदा चिमटीत धरून ताणावी आणि मगच गुंडाळायला लागावे. नायलॉनला पीळ चढलाच असेल तर शिसे व गरी काढून ती खाडीच्या वाहत्या पाण्यात लांब सोडावी आणि चिमटीत घट्ट धरून परत गुंडाळावी.

गाठ सुटून आली, म्हणजे दोरीचे टोक कुरळ्या शेपटीसारखे हातात आले, तर मासा मोठा नव्हता, गाठ कच्ची होती. ब्रेडेड दोरीला साध्या पिळाच्या गाठी निसटतात. दोरी दुमडून गरीच्या नेढ्यातून काढून बांधायची पालोमार गाठ तिला धरते. कोणतीही गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी, कारण कोरडी नायलॉन घासून तापते आणि नेमकी तिथेच कमजोर होते. टोक तुटताना खरखरीत होऊन आले असेल तर ते खडकाला घासले आहे, असे समजावे. शेवटची दोन वाव (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी लांबी) दोरी बोटांतून फिरवून पाहावी आणि खरखर लागली तर तेवढा भाग निर्दयपणे कापून टाकावा. दोन वाव दोरी पाच रुपयांची असते. ती न कापल्यामुळे एकदा सुटलेला जिताडा मी अजून विसरलेलो नाही.

ड्रॅग अंदाजाने आवळणे हीसुद्धा महागात पडणारी सवय आहे. दोरीच्या तुटण्याच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढ्या ओढीला ड्रॅग सुटायला हवा. २० पौंडाची, म्हणजे सुमारे नऊ किलोची दोरी असेल तर सव्वादोन ते तीन किलो. घरात बॅगा तोलायचा काटा असतो, तो दोरीला अडकवून ओढून पाहावे. पहिल्यांदा तोलले तेव्हा माझा ड्रॅग सहा किलोंवर होता आणि मी तो ‘सैल’ समजत होतो.

शिसे अडकणे खडकांवर टळत नाही, पण त्याच्याबरोबर गरी, स्विव्हल (दोरीला पीळ न पडू देणारी फिरती कडी) आणि लीडर गमावणे टळते. शिसे मुख्य दोरीला न बांधता वीतभर बारीक, कमी ताकदीच्या दोरीने लटकवावे. अडकले की ती दोरी तुटते आणि बाकीचे सगळे परत येते. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे गॅरेजमधले जुने स्पार्क प्लग. आमच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे डबाभर पडलेले असतात, तो हसून देतो, आणि हरवले तरी जीव हळहळत नाही. हा एक बदल केल्यानंतर माझ्या वहीतला तो १,९०० चा आकडा या वर्षी आतापर्यंत सव्वाचारशेवर थांबला आहे.

आमिष जाते आणि मासा लागत नाही, ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकतो. बहुतेकदा गरी मोठी असते. गरीच्या क्रमांकांचा घोळही यात भर घालतो: साधे आकडे वाढत गेले तर गरी लहान होत जाते, आठ नंबरची गरी चार नंबरपेक्षा बारीक असते, आणि एकच्या पुढे शून्याचे तिरके आकडे सुरू झाले की उलट, चार-शून्य दोन-शून्यापेक्षा मोठी. मुडदुशीच्या इवल्या तोंडाला सहा-आठ नंबरची गरी लागते; तांब आणि हेकरूला दोन-शून्य किंवा त्याहून मोठी. गरी बरोबर असूनही आमिष कुरतडले जात असेल आणि दोरी चावल्यासारखी तुटत असेल, तर खाली केंड (अंग फुगवणारे विषारी मासे) आहेत. जागा बदलावी, आणि केंड लागलाच तर तो कुणालाही खायला देऊ नये, त्याच्या अंगात जीवघेणे विष असते. शिंगाळ्याचा काटा हाताला लागला तर जखम स्वच्छ करून हात सोसवेल तितक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा, कारण ते विष उष्णतेने निकामी होते. सूज चढत गेली तर डॉक्टरांकडे जावे. पक्कड सोबत ठेवली असती तर माझे डॉक्टरांचे पाचशे रुपयेही वाचले असते.

घरी आल्यावरची चूक बहुतेक सर्वांची एकच असते. खारे पाणी धुवायचे म्हणून मी रील बादलीत बुडवून ठेवत असे आणि त्यातच मीठ आतल्या बेअरिंगपर्यंत पोहोचवत असे. दोन महिन्यांत हँडल फिरवताना वाळू चावल्यासारखी करकर येऊ लागली आणि दुरुस्तीला ६०० रुपये गेले. ड्रॅग आधी घट्ट आवळावा, म्हणजे पाणी आत शिरत नाही. नळाची बारीक धार किंवा ओले फडके फिरवावे, झटकून सावलीत वाळवावे, आणि ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल करावा, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात. दोरी ज्या छोट्या चाकावरून जाते त्याच्यावर तेलाचा एक थेंब सोडावा. गंज सोडवण्याचा फवारा म्हणजे ग्रीस नव्हे. तो आतले ग्रीस विरघळवून टाकतो. वापरलेली ओली गरी डब्यात परत टाकू नये, एका गरीने सबंध डबा गंजतो.

लोकलमध्ये रॉड मोडणे हा खास मुंबईचा अपघात आहे. आठ फुटी दोन तुकड्यांचा रॉड चार फुटांचा होतो, आणि त्याचे बारीक टोक दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्याखाली येते. नळाच्या दुकानातून दोन इंची पीव्हीसी पाइप आणि दोन टोप्या घ्याव्यात, त्यात रॉड सुखरूप राहतो. प्रवास लगेजच्या डब्यातून करावा. तिथे माशांच्या पाट्या असतातच, आपल्या वासाबद्दल कोणी नाक मुरडत नाही.

वापरलेले सामान घ्यायला हरकत नाही, पण तपासून. हँडल सावकाश फिरवून कानाशी धरावे, रीलची कडी दहा वेळा उघडझाप करावी, आणि रॉडच्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा गोल फिरवावा. कापसाचा एक जरी तंतू अडकला तर आतल्या चिनी मातीच्या कड्याला केसभर चीर आहे आणि तीच चीर नवी दोरी दर फेकीला कापणार आहे. विकणाऱ्याला ती दाखवली की किंमत कमी होते. नाही झाली तर रॉड तिथेच ठेवून निघावे.