अस्थी दर्यात सोडताना

दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, अस्थी आम्ही हरिहरेश्वरला नेल्या त्या भर दुपारी. गुरुजींचा विधी झाला, भावाने खडकावर उभं राहून मडकं उपडं केलं आणि समोरच्या वाऱ्याने निम्मी राख आमच्याच अंगावर आणली. मडकंही लाटेने परत खडकावर आपटलं. आई काही बोलली नाही, पदराने माझ्या भुवया पुसत राहिली.

चार वर्षांनी आई गेली. अस्थी घरात आणत नाहीत म्हणून परड्यातल्या फणसाला टांगून ठेवल्या आणि मी आधी हर्णै बंदरावर जाऊन एका वयस्क तांडेलकाकांना (तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख) विचारलं.

त्यांचा पहिला प्रश्न, तिथी कोणती? तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. गावागणिक थोडा फरक पडतो, म्हणून तिथल्या कोळ्यांना विचारून घ्या. दहा दिवसांत आम्हाला दशमी मिळत होती, म्हणजे साडेसात. पाणी पूर्ण भरलं आणि माघारी वळू लागलं की सोडायचं. ओहोटी बाहेर घेऊन जाते. चढत्या पाण्यात सोडलेलं पुन्हा किनाऱ्याला लागतं.

वेळ सकाळचीच धरा. थंडीत पहाटे वारा जमिनीकडून दर्याकडे वाहतो, ऊन चढलं की उलटा फिरतो. आमची चूक तीच होती.

विधी किनाऱ्यावरच उरकून घ्या, होडीत फक्त विसर्जन. गुरुजींना हे आधी सांगितलं तर ते समजून घेतात. मडक्याला बांधलेल्या फडक्याची गाठ किनाऱ्यावरच सैल करा, हलत्या होडीत ओल्या बोटांनी ती सुटत नाही. राखेत थोडं दूध-पाणी घालून ती ओली करा. हाराचा दोरा काढून फुलं सुटी न्या. प्लास्टिकची पिशवी, फोटोची चौकट, दोरा, सगळं परत आणा. जाळ्यात हेच अडकतं, असं तांडेलकाका म्हणाले, आणि ते त्यांना फार लागलेलं दिसलं.

होडीत सगळ्यांनी जीवरक्षक जॅकेट घालायचं. रडणारा माणूस तोल सांभाळत नाही. मशीन बंद करायला सांगा, वारा पाठीवर घ्या, खाली बसा आणि मडकं पाण्याला टेकवून हळू कलतं करा. वरून ओतू नका. रिकामं मडकं तरंगतं, म्हणून तोंडापर्यंत पाणी भरू द्या, मग ते आपणच खाली जातं.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि दर्या खवळलेला. तेव्हा होडीचा हट्ट नको, खाडीत किंवा नदीत सोडा. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या खडकांवर तर भरतीत अजिबात उतरू नका, तिथे माणसं वाहून गेली आहेत.

मडकं बुडाल्यावर भाऊ म्हणाला, "काका, चला." तांडेलकाकांनी मशीनला हात लावला नाही. झेंडूच्या पाकळ्या सुवर्णदुर्गाच्या बाजूने बाहेर सरकत होत्या. त्या दिसेनाशा झाल्यावरच त्यांनी होडी फिरवली. तुम्हीही तेवढं थांबा.