जुन्या प्रीमियर पद्मिनीला कोणत्या मापाचे टायर घ्यावेत?

कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडायची तेव्हा तिच्या पायात ५.२०-१४ मापाचे नायलॉन (तिरक्या धाग्यांच्या थरांचे, जुन्या पद्धतीचे) टायर असायचे. आज टायरच्या दुकानात हे माप सांगितलं की समोरचा माणूस जरा थांबतो आणि मग १४ इंची रिमवर चढेल असा कुठलाही रेडियल (आडव्या धाग्यांचा, आजच्या पद्धतीचा टायर) पुढे करतो. रिमवर चढणारा प्रत्येक टायर गाडीला चालतोच असं नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी थोडं गणित घरीच करून जा.

१. जुनं माप नीट वाचा. ५.२० ही टायरची रुंदी, इंचांत. १४ हा रिमचा व्यास. उंची लिहिलेलीच नाही, कारण त्या काळच्या नायलॉन टायरची उंची साधारण रुंदीएवढीच, किंचित कमी असे. त्या हिशोबाने फुगवलेल्या टायरचा एकूण व्यास ६१० मिलिमीटरच्या आसपास येतो. हा आकडा लिहून ठेवा, पुढची सगळी निवड यावर ठरते.

२. पर्यायांचा व्यास काढा. रेडियलवर १६५/८० आर १४ असं लिहिलेलं असतं. म्हणजे रुंदी १६५ मिमी, उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंच. उंची १३२ मिमी. ती वर-खाली दोनदा धरली की २६४. त्यात रिमचे ३५५.६ मिळवा: जवळपास ६२० मिमी. मूळ मापापेक्षा दीड टक्का जास्त, म्हणजे काट्यावर ६० दिसताना गाडी खरी ६१ ने पळेल. एवढं चालतं. १५५/८० आर १४ मिळाला तर तो ६०४ मिमी, म्हणजे आणखी जवळचा.

आता याच रिमवर १५५/६५ आर १४ चढवून पाहा. व्यास ५५७ मिमी. काटा ६० दाखवेल तेव्हा वेग ५५ च्या आतच असेल, इंजिन प्रत्येक गिअरमध्ये जास्त फिरेल आणि गाडी अडीच सेंटिमीटर खाली बसेल. आपल्याकडच्या गतिरोधकांवर तेवढंही जाणवतं. दिसायलाही मडगार्डच्या कमानीत चाक हरवल्यासारखं वाटतं. मूळ व्यासाच्या दोन-तीन टक्क्यांच्या आत राहा.

३. रुंदीचा मोह आवरा. रुंद टायरने जुनी गाडी रुबाबदार दिसते, हे मान्य. पण पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग नाही आणि मूळ रिम अरुंद आहे. रुंद टायर घातला की गर्दीत गाडी लावताना खांदे भरून येतात, खड्ड्यात स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. शिवाय प्रत्येक टायरला रिमची रुंदी ठरलेली असते: १६५/८० ला चार ते साडेपाच इंच, तर १७५/६५ ला किमान पाच. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर तो मध्ये फुगतो आणि वळणावर कडेला डोलतो. रिमची रुंदी आतल्या दोन कडांमध्ये मोजायची, बाहेरून नव्हे. माझं मत विचाराल तर १६५ च्या पुढे जाऊच नका.

४. नायलॉन की रेडियल? रोज चालवायची असेल तर रेडियल. प्रदर्शनात जशीच्या तशी दाखवायची असेल तर नायलॉन शोधा आणि हळू चालवा. दोन्ही मिसळू नका. नाइलाजच झाला तर एका ॲक्सलवर एकाच जातीचे टायर ठेवा आणि रेडियल फक्त मागे. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन असेल तर वळणावर मागची बाजू आधी पकड सोडते, आणि ते सावरणं कठीण जातं.

जुन्या रिमला ट्यूबलेस टायर जागेवर धरून ठेवणारी उंच कड बहुधा नसते, म्हणून आत रेडियलला चालणारी ट्यूब घाला. पंक्चरवाला ‘काही गरज नाही’ म्हणाला तरी घालाच.

५. बाजूवरचे बारीक आकडे बघा. ८५ टी म्हणजे एक टायर ५१५ किलो पेलतो आणि ताशी १९० किमीपर्यंत चालतो. रिकामी पद्मिनी नऊशे किलोच्या आसपास, तेव्हा हे पुरेसं आहे. टायरवरच्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार अंक बनवल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. कमी खपाच्या मापात दुकानात पडून राहिलेला माल हमखास गळ्यात मारला जातो, म्हणून हे अंक स्वतः वाचा. स्टेपनीसकट पाचही एकाच मापाचे घ्या.

६. अलॉय लावायचेच असतील तर चारही गोष्टी जुळायला हव्यात: समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर, मधल्या भोकाचा व्यास, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर), आणि बोल्टची लांबी व बसण्याचा आकार. ऑफसेट चुकला की चाक बाहेर येतं आणि बेअरिंगवर ताण पडतो. जाड वॉशर घालून जुळवणाऱ्या मिस्त्रीकडे जाऊ नका. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर मूळ पत्र्याच्या डिस्क (म्हणजे रिम) जपून ठेवा, विकू नका.

७. आधी एकच टायर बसवून बघा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, मागे तीन माणसं बसवा आणि गतिरोधकावरून हळू न्या. मडगार्डच्या आतल्या कडेला खडू फासला असेल तर टायर कुठे घासतो ते लगेच कळतं. सगळं ठीक असेल तरच बाकीचे चढवा आणि बॅलन्सिंग, अलाइनमेंट करून घ्या.

हवा थंड टायरमध्ये २६ ते २८ पीएसआयपासून सुरू करा. रेडियलचं पोट थोडं सुटलेलं दिसतंच, ते बघून हवा वाढवत बसू नका. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर चाकांच्या बोल्टवर पुन्हा एकदा पान्हा फिरवा.