समन्वय साधताय? या चुका टाळा

सोसायटीच्या फळ्यावर परवा सूचना लागली: 'टाकी धुण्याबाबत अधिक माहितीसाठी सचिवांशी समन्वय साधावा.' अहो, पाणी किती वाजता येणार एवढंच विचारायचंय! 'सचिवांना विचारा' पुरे, फार तर 'संपर्क साधा'. संपर्काच्या जागी समन्वय ही हल्लीची सर्रास चूक.

शब्द फोडून बघा: सम् + अनु + अय. श्लोकातले विस्कटलेले शब्द अर्थाच्या क्रमाने लावणं, हा संस्कृतच्या तासाचा अन्वय. सरकारी कागदावरचं 'शासन निर्णयान्वये' त्याच घरातलं. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाचं नावच समन्वयाध्याय. उपनिषदांतली निरनिराळी वाक्यं एका ब्रह्माकडेच कशी जातात, हे तिथे दाखवलंय. म्हणजे समन्वयाला निदान दोन वेगळ्या गोष्टी हव्यात, आणि त्या वेगळ्या राहूनच एका रोखाने लागायला हव्यात.

म्हणून तडजोडीला समन्वय म्हणू नका. बांधाच्या भांडणात दोघा भावांनी हात-हातभर जागा सोडली, ही तडजोड. बोलणं पुन्हा सुरू झालं, तो समेट.

गल्ल्यातली रोकड आणि वहीतला आकडा यांचाही समन्वय होत नसतो. तिथे मेळ बसतो किंवा बसत नाही. नोकरी आणि शिक्षण यांची सांगड घालावी. पोहायला शिकताना पाठीला सुक्या भोपळ्यांची सांगड बांधत, तीच ही. बांधून एकत्र केल्याचा भाव त्यात अजून आहे. आणि तंबोरा जुळवतात. जोडीच्या दोन तारा खुंटी पिळत, मणी सरकवत एकजीव होईपर्यंत कान लावून बसणाऱ्याला 'तारांचा समन्वय चाललाय का?' असं विचारून बघा!

लिहिताना 'समनव्य' होतं, तेही टाळा. अर्धा न 'व'ला जोडायचा, 'य' पूर्ण. काम पाहणारा तो समन्वयक.

एक खोड मात्र फक्त शब्दाची नाही. 'दोन विभागांतील समन्वयाच्या अभावामुळे रस्ता पुन्हा खोदण्यात आला.' व्याकरण चोख, पण दोष कुणाचा ते गायब. बातमी लिहिताय ना? मग लिहा: डांबर पडून आठवडा झाला नाही तोच पाणी खात्याने रस्ता खोदला; नळ टाकायचा राहिलाय, हे रस्ते खात्याला कुणी कळवलंच नव्हतं.