फिजिओथेरपिस्टकडे जाताना दोरी न्या

धाकट्या जावेला सातवा लागलाय. ओटीपोटाच्या अगदी खालचं, समोरचं हाड कुशीवर वळताना चिमट्यात धरल्यासारखं दुखतं म्हणाली. तिला फोनवर सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण पहिल्या बाळंतपणात मी यातलं निम्मंच केलं आणि खरं महत्त्वाचं राहिलं.

आधी डॉक्टरांना दाखवा. ‘या दिवसांत दुखायचंच’ एवढं ऐकून परत येऊ नका. साधारण पाचातल्या एकीला हा त्रास होतो आणि त्यावर उपचार आहेत. रक्त किंवा पाणी जाणं, लघवीला जळजळ, थांबून थांबून येणारी कळ, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही असेल तर मात्र फिजिओथेरपी नंतर, दवाखाना आधी. वार खाली असेल तर तसं चिठ्ठीवर लिहून घ्या.

गरोदर बायकांवर उपचार करण्याचा अनुभव आहे ना, हे वेळ घेतानाच विचारा. मालिशवाल्या मावशींकडून पोट चोळून घ्यायचं नाही, हाड ‘बसवून’ देणाऱ्याकडे तर मुळीच जायचं नाही. मला कुशीवर झोपवून, गुडघ्यांमध्ये उशी देऊन, कुल्ल्याचे आणि मांडीच्या आतले आखडलेले स्नायू हाताने हळूहळू सैल केले. मग फिजिओथेरपिस्ट बाईंनी गुडघ्यांमध्ये मूठ धरली आणि ती पाच सेकंद दाबायला लावली. दुखलं की लगेच सांगा, सोसू नका.

फाईल, सैल सलवार, हे कळतंच. गरोदरपणातला आधाराचा पट्टा असेल तर न्या आणि तिथेच बांधायला शिका; तो पोटावर नाही, पोटाखाली खुब्यांवरून येतो.

आणि दोरी न्या. परकराची साधी नाडी चालेल. न दुखता गुडघे एकमेकांपासून किती लांब जातात ते टेकून बसून आणि कुशीवर झोपून मोजायचं, तेवढ्या अंतरावर नाडीला दोन गाठी मारायच्या. बाळंतपणात गुडघे त्या गाठींपेक्षा लांब जाऊ द्यायचे नाहीत, त्यासाठी ही दोरी. या खेपेला माझे २८ सेंटीमीटर भरले. पहिल्या वेळीही बाईंनी सांगितलं होतं. मी ‘पुढच्या वेळी मोजू’ म्हणत राहिले आणि ३७व्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या. एपिड्युरल, म्हणजे कळा जाणवू नयेत म्हणून पाठीतून देतात ते औषध, दिलेलं, त्यामुळे पाय किती ताणले जाताहेत ते मला कळलंच नाही. टाके घालतानाही पाय वर अडकवलेले. पुढे चार महिने मी जिना बसून, एकेक पायरी सरकत उतरले, बाळ दुसऱ्याच्या हातात. म्हणून दोरी! ३४व्या आठवड्यापर्यंत मोजून झालीच पाहिजे. आकडा फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा, नवऱ्याला आणि आईला पाठ करायला लावा. एपिड्युरल घेणार असाल तर दुप्पट महत्त्वाचं, कारण तेव्हा तुमचं दुखणं तुम्हाला थांबवायला येणार नाही.

घरी सगळ्यात आधी मोठ्या लेकराला कडेवर घेणं बंद करा, एकाच बाजूवर सगळा भार येतो. रडेल, खाली खुर्चीत बसा आणि जवळ घ्या. सलवार बसून घाला. मांडी घालून, उकिडवं बसू नका. डोहाळजेवणाला पाट नको, खुर्ची हवी, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. रिक्षात आधी बसा, मग गुडघे जोडून दोन्ही पाय आत घ्या. घरात पडलेली डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी घेऊ नका, कितीही दुखलं तरी.

दवाखान्याची बॅग: दोरी वरच्याच कप्प्यात. कुशीवर किंवा हातागुडघ्यांवर राहून कळा देता येतील का, ते आधी विचारून ठेवा. सिस्टरची ड्युटी बदलली की नव्या सिस्टरना दोरी पुन्हा दाखवा. तातडीची वेळ आली तर डॉक्टर सांगतील तसं.

बाळंतपणानंतर पट्टा, उशी, जिना कमी. फिजिओथेरपिस्टची नंतरची वेळ आत्ताच घेऊन ठेवा, बाळ आल्यावर फोन करायला सवड होत नाही.