वेल्श भाषक गावातील नव्या घरांचा वाद : कौन्सिलचा निर्णय कसा वाचावा आणि हरकत कशी नोंदवावी

वेल्सच्या पश्चिम आणि वायव्य भागात, म्हणजे प्रामुख्याने ग्विनेध, अँगलसी, केरेडिगियॉन आणि कार्मार्थनशायर या चार कौन्सिलांच्या हद्दीत, अनेक गावांचा रोजचा व्यवहार आजही वेल्श भाषेत चालतो. अशा गावाला लागून असलेल्या जमिनीवर तीस-चाळीस घरांचा अर्ज दाखल झाला की एका बाजूने भाषा बुडेल अशी भीती व्यक्त होते, दुसऱ्या बाजूने घरे नसल्यामुळेच तरुण गाव सोडत आहेत असे सांगितले जाते, आणि नियोजन समितीच्या बैठकीनंतर मंजुरी किंवा नामंजुरीची बातमी छापून येते. त्या बातमीवरून निर्णय योग्य होता की नाही हे ठरवता येत नाही. वेल्समध्ये स्थायिक झालेली मराठी कुटुंबे, नियोजनशास्त्राचे विद्यार्थी आणि भाषेच्या प्रश्नावर काम करणारी मंडळी यांना असा निर्णय मुळापासून तपासता यावा आणि गरज पडल्यास त्यात भाग घेता यावा, यासाठी हे मार्गदर्शन आहे. यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो : समितीसमोर अर्ज येतो तोपर्यंत भाषेविषयीचा बराचसा निर्णय विकास आराखड्यात होऊन गेलेला असतो, म्हणून वाचनाची सुरुवात अर्जापासून न करता आराखड्यापासून करावी.

पहिल्यांदा अधिकार कोणाचा आहे हे निश्चित करावे. वेल्समध्ये २२ कौन्सिले आहेत, पण तिन्ही राष्ट्रीय उद्यानांची प्राधिकरणेही आपापल्या हद्दीत नियोजनाचे निर्णय घेतात. ग्विनेध कौंटीतील एखादे गाव एरीरी राष्ट्रीय उद्यानात येत असेल, तर तेथील घरांचा अर्ज ग्विनेध कौन्सिलकडे जात नाही. गावपातळीवरच्या कम्युनिटी कौन्सिलचे मत मागवले जाते आणि ते मोलाचेही असते, परंतु परवानगी देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार तिला नाही.

त्यानंतर कायद्याची चौकट समजून घ्यावी. २००४ च्या नियोजन कायद्याच्या कलम ३८(६) नुसार अर्जावरचा निर्णय विकास आराखड्याला धरूनच द्यावा लागतो. त्याविरुद्ध जायचे असेल तर नियोजनाच्या दृष्टीने ग्राह्य असे वजनदार कारण असावे लागते. वेल्सच्या २०१५ च्या नियोजन कायद्याने यात दोन गोष्टींची भर घातली. कलम ११ नुसार आराखडा तयार करताना वेल्श भाषेच्या वापरावर होणाऱ्या परिणामांचे मूल्यमापन करणे बंधनकारक झाले, आणि कलम ३१ ने हे स्पष्ट केले की भाषेचा मुद्दा अर्जाशी खरोखर संबंधित असेल तिथे प्रत्यक्ष अर्जावर निर्णय देतानाही तो विचारात घेता येतो. हे कलम वेल्सच्या सर्व भागांना लागू आहे, केवळ वेल्श भाषकांचे बहुमत असलेल्या कौंट्यांना नव्हे.

आता ज्या ठिकाणी बहुतेक आंदोलने अडखळतात तो मुद्दा. वेल्स सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेले तांत्रिक सल्ला टिपण क्रमांक २०, ज्याला सर्वजण ‘टॅन २०’ म्हणतात, असे सांगते की आराखड्यात घरांसाठी आधीच राखून ठेवलेल्या जागेवर अर्ज आला तर भाषेवरील परिणामाचे मूल्यमापन पुन्हा मागू नये, कारण ते आराखड्याच्या वेळी झालेले असते. स्वतंत्र मूल्यमापन मागता येते ते मुख्यतः भाषिकदृष्ट्या संवेदनशील किंवा महत्त्वाच्या ठरवलेल्या क्षेत्रात, आराखड्यात न दाखवलेल्या जागेवर अनपेक्षितपणे मोठा प्रकल्प आला तर. महाराष्ट्रात विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात, आणि जमिनीचा वापर एकदा कायम झाला की पुढच्या अर्जावर कितीही वाद घातला तरी फारसे हाती लागत नाही, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना ही रचना लगेच उमगेल. म्हणून संबंधित जागेचा गट नकाशावर शोधावा, ती घरांसाठी राखीव आहे का, गावाच्या विकासमर्यादेच्या आत आहे की बाहेर, हे पाहावे आणि मगच भाषेचा मुद्दा कोणत्या जोराने मांडता येईल याचा अंदाज बांधावा. आपल्या कौन्सिलचा नवा आराखडा तयार होत असेल, तर त्या मसुद्यावर दिलेली एक नेमकी हरकत पुढच्या दहा वर्षांतील अनेक मोर्च्यांपेक्षा अधिक काम करते, असे माझे ठाम मत आहे.

उदाहरणादाखल ग्विनेध आणि अँगलसीचा संयुक्त आराखडा घेऊ. तो ३१ जुलै २०१७ रोजी स्वीकारला गेला आणि २०११ ते २०२६ या काळासाठी त्यात ७,१८४ घरांची गरज धरण्यात आली. त्यातील ‘पीएस १’ हे धोरण वेल्श भाषा आणि संस्कृतीविषयी आहे. एखाद्या वस्तीसाठी जितकी घरे अपेक्षित धरली आहेत, त्यापेक्षा अधिक घरे एका प्रकल्पामुळे किंवा अनेक प्रकल्प मिळून होणार असतील, तर अर्जदाराने भाषाविषयक निवेदन द्यावे लागते. अनपेक्षित जागेवरील मोठ्या प्रकल्पासाठी सविस्तर परिणाम-मूल्यमापन द्यावे लागते. आणि वस्तीच्या भाषिक समतोलाची अशी मोठी हानी होणार असेल की जी टाळता किंवा पुरेशी कमी करता येणार नाही, तर अर्ज नाकारावा असे हे धोरण सांगते. नव्या वसाहतींना आणि रस्त्यांना वेल्श नावे द्यावीत अशी अपेक्षाही त्यात आहे. येथे ‘मिळून’ या शब्दाकडे नीट लक्ष द्यावे. गावात गेल्या काही वर्षांत मंजूर झालेली, बांधून झालेली आणि परवानगी असूनही न बांधलेली घरे मोजून त्यांची बेरीज आराखड्यातील अपेक्षित आकड्याशी ताडून पाहणे हे कंटाळवाणे पण अत्यंत उपयोगी काम आहे, आणि बहुतेक हरकतदार नेमके तेच करत नाहीत.

आकडे कोणते घ्यावेत याचीही शिस्त पाळावी. जनगणना हाच आधार धरावा. २०११ मध्ये वेल्समधील तीन वर्षे आणि त्यावरील वयाच्या लोकांपैकी १९ टक्के वेल्श बोलत होते. २०२१ मध्ये हे प्रमाण १७.८ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजारांवर आले. याच दहा वर्षांत ग्विनेध ६५.४ वरून ६४.४, अँगलसी ५७.२ वरून ५५.८, केरेडिगियॉन ४७.३ वरून ४५.३ आणि कार्मार्थनशायर ४३.९ वरून ३९.९ टक्क्यांवर घसरले. वार्षिक लोकसंख्या पाहणीत याहून बरेच मोठे आकडे दिसतात, पण ती पाहणी वेगळ्या पद्धतीची आहे. अर्जदाराच्या निवेदनात दोन्ही आकड्यांची सरमिसळ करून भाषा वाढत असल्याचे चित्र उभे केले असेल, तर ती विसंगती लेखी दाखवून द्यावी. कौंटीच्या सरासरीपेक्षा प्रभागाचा आकडा आणि त्याहूनही गावातील शाळेची पटसंख्या अधिक बोलकी असते. ह्लीन द्वीपकल्पातील आबेरसॉख हे सुट्टीतील घरांसाठी प्रसिद्ध असलेले गाव; तेथील प्राथमिक शाळा मोजकीच मुले उरली म्हणून २०२१ च्या अखेरीस बंद झाली. तिथे घरांची कमतरता नव्हती, वर्षभर राहणाऱ्या कुटुंबांची होती.

म्हणूनच अर्जदाराचे निवेदन वाचताना घरांच्या संख्येवर अडकून राहू नये. घरे कोणासाठी आहेत, किती वर्षांत बांधली जाणार आहेत आणि पुढे कोणाच्या हाती जाणार आहेत, हे तीन प्रश्न त्याहून मोठे आहेत. परवडणारी घरे स्थानिक संबंध असलेल्या गरजूंसाठी कायमस्वरूपी राखली जाणार असतील तर तोच प्रकल्प भाषेला आधार देऊ शकतो, आणि खुल्या बाजारातील मोठी घरे एकदम विक्रीस आली तर त्याच संख्येने तो धोका ठरतो. संयुक्त आराखड्यातील ‘टाय ५’ या धोरणाने आबेरसॉख, ब्युमारिस, रोसनेग्र अशा ठिकाणी नवी घरे स्थानिक संबंध असलेल्यांपुरती मर्यादित केली, ती याच विचाराने. मात्र सर्व घरे परवडणारी असली म्हणजे वाद उरत नाही असेही नाही. ह्लीनमधील बोट्नॉग येथे १८ परवडणाऱ्या घरांचा प्रस्तावही भाषेच्या मुद्द्यावर वादग्रस्त ठरला, कारण त्या छोट्या गावाची स्वतःची गरज तितकी आहे का, हा प्रश्न लोकांनी विचारला. घरांची गरज मोजताना संपूर्ण कौंटीची प्रतीक्षायादी दाखवली आहे की त्या गावाची, हे अवश्य तपासावे.

हरकत लिहिण्याच्या बाबतीत वेळ फार महत्त्वाची आहे. दहा किंवा त्याहून अधिक घरांच्या प्रकल्पासाठी अर्ज करण्याआधी २८ दिवस लोकांशी सल्लामसलत करणे विकासकावर बंधनकारक आहे. हा टप्पा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, पण प्रकल्पाची मांडणी बदलण्याची विकासकाची तयारी याच वेळी सर्वाधिक असते. अर्ज दाखल झाल्यावर साधारणपणे २१ दिवसांत मत नोंदवावे लागते. हरकत वेल्शमध्ये किंवा इंग्रजीत देता येते आणि भाषेवरून तिचे वजन कमी होत नाही. शंभर जणांनी एकच मजकूर पाठवण्यापेक्षा धोरणाचा क्रमांक, प्रभागाचा आकडा, शाळेची स्थिती आणि मंजूर घरांची बेरीज देणारे एक नीट पत्र अधिकाऱ्याच्या अहवालात उतरते.

येथे एक मर्यादा कटाक्षाने पाळावी. टॅन २० स्पष्ट म्हणते की नियोजन धोरणांनी व्यक्तीव्यक्तींमध्ये भाषाज्ञानावरून भेदभाव करू नये आणि घरात कोण राहील हे भाषेच्या आधारे ठरवू नये. ‘ही घरे फक्त वेल्श बोलणाऱ्यांना द्या’ किंवा ‘बाहेरचे लोक नकोत’ अशी मागणी कायद्यात बसत नाही, शिवाय ती माणसांना दुखावते आणि बाकीच्या चांगल्या मुद्द्यांचेही वजन घालवते. मुद्दा वस्तीत भाषेचा वापर टिकण्याचा आहे, आणि नव्याने आलेल्या मुलांना पूर्णपणे वेल्श वातावरणात ठेवून ती भाषा शिकवणारी केंद्रे ग्विनेधसारख्या कौंटीत आहेत. प्रकल्पामुळे त्यांच्यावर किती भार पडेल आणि त्यासाठी विकासक काही निधी देणार आहे का, हे विचारणे पूर्णपणे योग्य आहे.

बैठकीपूर्वी नियोजन अधिकाऱ्याचा अहवाल प्रसिद्ध होतो. त्यात शिफारस वाचण्याआधी भाषेचा परिच्छेद वाचावा, आणि कौन्सिलच्या स्वतःच्या भाषाविषयक अधिकाऱ्यांचे मत काय आहे व नियोजन अधिकाऱ्याने ते स्वीकारले की नाही हे पाहावे. समितीचे सदस्य शिफारशीच्या विरुद्ध मत देऊ शकतात, परंतु त्यांना नियोजनाच्या भाषेत कारणे नोंदवावी लागतात. अशा वेळी कौन्सिलला अपिलाचा किंवा खर्चाचा मोठा धोका दिसत असेल तर ग्विनेधमध्ये अर्ज काही काळ थांबवून पुढच्या बैठकीत पुन्हा घेतला जातो. बातमीत ‘निर्णय लांबणीवर’ असे दिसते ते पुष्कळदा यामुळे. सदस्य कचरतात असे मानून त्यांच्यावर रागावू नये. अर्ज नाकारला तर विकासकाला सहा महिन्यांत अपील करता येते, अपिलात पुरावा मागितला जातो आणि कौन्सिलचे वागणे अवाजवी ठरले तर समोरच्याचा खर्चही भरावा लागतो. हरकतदारांनी दिलेला भक्कम पुरावा सदस्यांना या प्रसंगी खरोखर उपयोगी पडतो.

भाषेच्या मुद्द्याला वरच्या पातळीवर कोणी विचारत नाही, हा समज बरोबर नाही. अँगलसीवरील विल्वा न्यूइध अणुवीज प्रकल्पाची तपासणी करणाऱ्या मंडळाने २०१९ मध्ये परवानगी देऊ नये अशी शिफारस केली, तेव्हा स्थानिक घरांवरील ताण आणि वेल्श भाषेवरील परिणाम ही दोन्ही कारणे त्यात होती. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये सायमन ब्रूक्स यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने वेल्श भाषकांची घनता अधिक असलेली क्षेत्रे स्वतंत्रपणे निश्चित करून तेथे धोरणे वेगळी आखावीत असे सुचवले. आपल्या भागात नव्या आराखड्याचे काम चालू असेल तर या शिफारशीचा आधार अवश्य घ्यावा.

अर्ज मंजूर झाला तर हरकतदाराला अपिलाचा अधिकार नसतो. निर्णय जाहीर होण्यापूर्वी वेल्स सरकारला अर्ज स्वतःकडे घेण्याची विनंती करता येते. नंतर उरतो तो उच्च न्यायालयाचा मार्ग, तोही सहा आठवड्यांच्या आत आणि केवळ निर्णयाच्या कायदेशीरपणापुरता. तो खर्चिक आहे, म्हणून आधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

त्यापेक्षा अटींकडे लक्ष देणे बहुतेक वेळा अधिक फलदायी ठरते. ऑक्टोबर २०२२ पासून वेल्समध्ये मुख्य निवासाचे घर, दुसरे घर आणि अल्पमुदतीचे भाड्याचे घर हे वापराचे तीन वेगळे वर्ग झाले आहेत, त्यामुळे नवे घर मुख्य निवास म्हणूनच वापरावे अशी अट घालता येते. ग्विनेधने १ सप्टेंबर २०२४ पासून जुन्या घरांच्या अशा वापरबदलासाठीही परवानगी आवश्यक करणारा आदेश लागू केला आणि त्याला न्यायालयात आव्हान मिळाले. म्हणून त्या आदेशाचा आधार घेण्यापूर्वी त्याची सद्यःस्थिती पाहावी. परवानगीपत्रासोबत कलम १०६ खालील करार, म्हणजे परवानगीच्या बदल्यात विकासकाने स्वीकारलेल्या बंधनांचा कायदेशीर करार, मागवून घ्यावा. परवडणाऱ्या घरांची संख्या, ती कितव्या घराच्या विक्रीआधी पूर्ण करायची, टप्प्याटप्प्याने बांधकामाचे वेळापत्रक, शाळेसाठीचा निधी आणि वसाहतीचे वेल्श नाव या गोष्टी त्यात किंवा अटींमध्ये लिहिलेल्या आहेत का, हे तपासावे. विकासक पुढे परवडणाऱ्या घरांची संख्या कमी करण्यासाठी करारात बदल मागू शकतो, आणि तो अर्ज मूळ अर्जासारखा गाजत नाही. कौन्सिलच्या संकेतस्थळावर त्या जागेच्या क्रमांकाने सूचना मिळण्याची सोय असेल तर ती बांधकाम पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावी.