व्हायरसच्या लॅबमधून विद्यापीठाच्या खुर्चीपर्यंत कसं जायचं: डेव्हिड बाल्टिमोर यांच्या करिअरवरून

व्हायरॉलॉजीत (व्हायरसच्या अभ्यासात) पीएचडी किंवा पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात कधीतरी येतं की पुढे डीन व्हावं, डायरेक्टर व्हावं, पण तिथवर जायचं कसं हे कुणी धड सांगत नाही. माझ्या मते अमेरिकन व्हायरॉलॉजिस्ट डेव्हिड बाल्टिमोर यांचं करिअर नीट बघावं, कारण त्यात जमलेलंही आहे आणि फसलेलंही.

आधी लॅबमधलं काम पक्कं करा, त्याला शॉर्टकट नाही. बाल्टिमोर १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात आले. त्यांची बायको ॲलिस हुआंगसुद्धा व्हायरॉलॉजिस्ट, दोघांनी मिळून व्हीएसव्ही या गुराढोरांना होणाऱ्या व्हायरसवर काम केलं आणि दिसलं की आरएनएची कॉपी काढणारं एन्झाइम व्हायरसच्या कणातच असतं. मग १९७० मध्ये त्यांनी उंदरांना ल्युकेमिया करणारा व्हायरस घेतला, त्याच्या कणांना डीएनए बनवायचा कच्चा माल दिला, त्यातला एक घटक रेडिओॲक्टिव्ह, आणि मोजून पाहिलं तर डीएनए बनत होता! आधी आरएनए तोडणारं एन्झाइम घातलं की ते बनणं बंद, म्हणजे साचा आरएनएचाच, आणि तोवर तर समज होता की डीएनएवरून आरएनए बनतो, उलटं नाही. हॉवर्ड टेमिन या दुसऱ्या व्हायरॉलॉजिस्टनाही त्याच वेळी स्वतंत्रपणे हेच सापडलं, आणि १९७५ मध्ये दोघांना व्हायरॉलॉजिस्ट रेनाटो डुलबेक्को यांच्यासोबत नोबेल मिळालं, तेव्हा बाल्टिमोर ३७ वर्षांचे होते. नोबेल सगळ्यांना नाही मिळणार हो, पण आपल्या विषयात आपला शब्द चालतो एवढं तरी हवंच, नाहीतर उद्या प्राध्यापक तुमचं ऐकतील कशाला?

दुसरं, एकदम मोठ्या संस्थेवर उडी मारू नका. बाल्टिमोर १९८२ मध्ये एमआयटीशी जोडलेल्या व्हाइटहेड इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचे पहिले डायरेक्टर झाले. संस्था नवी, पैसा एका उद्योगपतीचा, आणि एमआयटीतल्या काही जणांना भीती की खाजगी पैसा नेमणुकांत ढवळाढवळ करेल. तिथे त्यांनी चांगली माणसं आणली, आणि नुकत्याच पीएचडी झालेल्यांना थेट स्वतःची लॅब देणारी फेलोशिप सुरू केली, हे मला त्यांच्या सगळ्या कारभारात सर्वात आवडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्युनियरची तक्रार आली की काय कराल, हे आजच ठरवा. १९८६ च्या एका पेपरात बाल्टिमोर सहलेखक होते, आणि दुसऱ्या लेखिका थेरेझा इमानिशी-कारी यांच्या लॅबमधल्या पोस्टडॉक मार्गोट ओटूल यांना नोंदवहीची १७ पानं पेपरशी जुळेनात. बाल्टिमोर सहकारी शास्त्रज्ञाच्या बाजूने ठाम उभे राहिले, प्रकरण अमेरिकन काँग्रेसपर्यंत गेलं, आणि १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठाचे अध्यक्ष झालेल्या बाल्टिमोर यांनी पुढच्याच वर्षी राजीनामा दिला. आधी चौकशीत दोषी ठरवलेल्या इमानिशी-कारी १९९६ मध्ये अपिलात निर्दोष ठरल्या, पण गेलेली वर्षं थोडीच परत येतात. म्हणून तक्रार आली की त्याच दिवशी मूळ नोंदवह्या सुरक्षित ठेवा, ज्याचा त्या पेपरशी काही संबंध नाही अशा माणसाकडे तपास द्या, आणि तक्रार करणाऱ्याची नोकरी-फेलोशिप धोक्यात येणार नाही हे लेखी द्या. तुमचं स्वतःचं नाव पेपरावर असेल तर बाजूला व्हा, मित्र कितीही जवळचा असो.

लॅब मात्र सोडू नका. १९९७ ते २००६ बाल्टिमोर कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक विद्यापीठाचे अध्यक्ष होते, तरी त्यांचं संशोधन चालू होतं, आणि त्याच काळात, २००१ मध्ये, इंटेलचे सहसंस्थापक गॉर्डन मूर आणि त्यांची बायको बेट्टी यांची ६० कोटी डॉलरची देणगी जाहीर झाली. देणगी मागायला जाताना विज्ञान स्वतः समजावून सांगता येणारा माणूस लागतो.

आपल्याकडे कुलगुरूपदासाठी यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० वर्षं प्रोफेसर, किंवा नामांकित संशोधन संस्थेतला १० वर्षांचा अनुभव आणि शैक्षणिक नेतृत्वाचा पुरावा असं आहे, म्हणजे पुण्याच्या एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) सारख्या संस्थेत काम करणाऱ्यालाही दार बंद नाही. हा पुरावा ऐनवेळी गोळा होत नाही. त्यामुळे बायोसेफ्टी कमिटी, खरेदी समिती, पीएचडी प्रवेश, जे काम कुणी घेत नाही ते आत्तापासून घ्या आणि मिनिट्स, ऑर्डर, पत्रं सगळं तारखेनिशी एका फाइलमध्ये लावत जा.